कंट्रोलच्या लेनमध्ये काळा बँड का येत होता

पहिले पाच महिने माझ्या ब्लॉटवर (हवं ते प्रोटीन काळ्या पट्ट्याच्या, म्हणजे बँडच्या रूपात दाखवणारी चाचणी, प्रत्येक सॅम्पलला एक लेन) काहीच दिसत नव्हतं आणि त्यानंतरचे चार महिने सगळीकडेच दिसत होतं. दोन्हीचं कारण शेवटी एकाच प्रोटीनच्या स्वभावात सापडलं. ते कसं सापडलं हे मला सविस्तर लिहायचंय, कारण त्या नऊ महिन्यांत मी या प्रोटीनबद्दल जे शिकले ते त्याआधी दोन वर्षं पेपर वाचून पण शिकले नव्हते.

पीएचडीसाठी मला मिळालेला विषय म्हणजे एएमपीके. पूर्ण नाव एएमपी-अ‍ॅक्टिव्हेटेड प्रोटीन कायनेज. कायनेज म्हणजे दुसऱ्या प्रोटीनवर फॉस्फेट चिकटवणारं एन्झाइम, आणि हे जे कायनेज आहे ते पेशीत एनर्जी किती शिल्लक आहे यावर सतत लक्ष ठेवून असतं. आता कुणालाही पहिला प्रश्न हाच पडेल की पेशीची एनर्जी म्हणजे एटीपी, मग सेन्सरने सरळ एटीपीच का नाही मोजायचा, एएमपी कशाला? मलाही हाच पडला होता, आणि याचं उत्तर जेव्हा नीट कळलं त्या दिवशी मी या विषयाच्या प्रेमात पडले असं म्हटलं तरी चालेल.

असं बघा, एटीपीला तीन फॉस्फेट, एडीपीला दोन, एएमपीला एक. धडधाकट पेशीत एटीपी भरपूर असतो, एडीपी त्याच्या साधारण दहावा हिस्सा आणि एएमपी शंभरावा. पेशीने काम केलं की एटीपीचा एडीपी होतो. मग अ‍ॅडेनिलेट कायनेज नावाचं दुसरं एक एन्झाइम दोन एडीपी घेऊन त्यांचा एक एटीपी आणि एक एएमपी करतं, म्हणजे दोन अर्धवट रिकाम्या बाटल्यांमधून एक भरलेली आणि एक पूर्ण रिकामी, असं. ही रिअ‍ॅक्शन कायम तोलात राहते, त्यामुळे गणित असं पडतं की एडीपी-एटीपीचं प्रमाण दुप्पट झालं तर एएमपी-एटीपीचं प्रमाण चौपट होतं. एटीपी थोडासाच कमी झालेला असतो, इतका थोडा की मोजायला गेलं तर मशीनच्या चुकीतच हरवेल, पण एएमपी तेवढ्यात कितीतरी पट वर गेलेला असतो. म्हणजे खिशात नोटांची जाड गड्डी असताना एक नोट गेली तर हाताला कळत नाही, पण चिल्लर चार नाण्यांवरून सोळा नाण्यांवर गेली तर खिसा लगेच वाजायला लागतो. सेन्सर चिल्लर ऐकतोय. मला ही युक्ती आजही फार सुंदर वाटते.

हे प्रोटीन तीन भागांचं बनलेलं असतं, अल्फा, बीटा आणि गॅमा. माणसात अल्फाचे दोन प्रकार, बीटाचे दोन, गॅमाचे तीन, म्हणजे एकूण बारा जोडण्या होऊ शकतात. काम करणारा हात अल्फामध्ये आणि ऐकणारा कान गॅमामध्ये. गॅमात चार खाचा आहेत, त्यातल्या एकीत काही बसत नाही, उरलेल्या खाचांमध्ये एटीपी, एडीपी, एएमपी यांची जागेसाठी चढाओढ चालते. एएमपी येऊन बसला की अख्ख्या प्रोटीनचा आकार बदलतो आणि तीन गोष्टी होतात: कायनेजचा स्वतःचा वेग वाढतो, अल्फावरच्या थ्रिओनिन १७२ (१७२ नंबरचं अमिनो अ‍ॅसिड) या जागी फॉस्फेट लागायला मदत होते, आणि लागलेला फॉस्फेट काढून टाकणाऱ्या फॉस्फटेजपासून त्याचं रक्षण होतं. या १७२ नंबरच्या फॉस्फेटने अ‍ॅक्टिव्हिटी शंभरपटीहून जास्त वाढते. त्यामुळे जगभरच्या लॅबमध्ये एएमपीके चालू आहे की बंद हे बघायची सरळ पद्धत म्हणजे फॉस्फो-थ्रिओनिन १७२ ओळखणारी अँटीबॉडी घेऊन वेस्टर्न ब्लॉट करायचा, आणि तोच माझा रोजचा धंदा.

आता अनुभव.

लॅबमध्ये हीला पेशी (माणसाच्या कॅन्सरमधून आलेल्या) तयार होत्या, भराभर वाढतात, फार लाड करावे लागत नाहीत, म्हणून मी त्यांच्यावरच सुरुवात केली. प्लॅन सोपा होता. एका प्लेटला काही नाही, तो कंट्रोल, दुसरीला एआयकार हे औषध. एआयकार पेशीच्या आत गेल्यावर झेडएमपी बनतं आणि ते एएमपीची नक्कल करतं, म्हणजे एनर्जी खरंतर कमी झालेली नसते पण सेन्सरला वाटतं झाली. एक तास ठेवा, पेशी गोळा करा, जेल चालवा, ब्लॉट करा, ट्रीटमेंटच्या लेनमध्ये काळा बँड येणार. पुस्तकातलं उदाहरण आहे हे.

काही आलं नाही. अँटीबॉडी खराब असेल म्हणून नवीन मागवली. ब्लॉकिंगसाठी (अँटीबॉडी भलतीकडे चिकटू नये म्हणून) दूध वापरत होते ते बंद करून बीएसए हे दुसरं प्रोटीन घेतलं, कारण दुधातलं केसिन स्वतःच फॉस्फेटवालं प्रोटीन आहे आणि फॉस्फो अँटीबॉडीला त्याचा त्रास होऊ शकतो. लायसिस बफरमध्ये, म्हणजे पेशी फोडायच्या द्रावणात, सोडियम फ्लोराइड आणि पायरोफॉस्फेट ताजं घालायला लागले, नाहीतर पेशी फोडल्यावर फॉस्फटेज मोकळे सुटतात आणि आपल्याला बघायचा तोच फॉस्फेट काढून टाकतात. डोस वाढवला, वेळ वाढवली. टोटल एएमपीके प्रत्येक वेळी व्यवस्थित दिसायचं, साधारण ६२ किलोडाल्टनला (हे प्रोटीनच्या वजनाचं माप) मस्त बँड, म्हणजे प्रोटीन आहे, फक्त त्याच्यावर फॉस्फेट नाही. पाच महिने असे गेले, आणि खरं सांगायचं तर तेव्हा रोज सकाळी लॅबचं दार उघडताना छातीत धडधड व्हायची.

मॅडमना, म्हणजे माझ्या गाइडना, मी सगळे ब्लॉट दाखवले तेव्हा त्यांनी ब्लॉटकडे बघितलंच नाही, एवढंच विचारलं, "अगं, पेशी कुठल्या घेतल्यास?"

मी म्हटलं हीला. त्या म्हणाल्या, "मग १७२ वर फॉस्फेट लावणार कोण?"

मला ते लागलंच एकदम. एएमपीके स्वतःच स्वतःला चालू करत नाही. एएमपी बसल्याने ते चालू व्हायला तयार होतं, पण फॉस्फेट लावायला वरचं दुसरं कायनेज लागतं, आणि एनर्जीच्या ताणात हे काम करतं ते एलकेबी१. हे २००३ साली कळलं. त्याच्या आधीपासून एलकेबी१ वेगळ्याच कारणाने माहीत होतं, पॉइट्झ-जेगर्स सिंड्रोम नावाच्या आनुवंशिक आजारात या जीनमध्ये बिघाड असतो आणि अशा माणसांना कॅन्सरचा धोका जास्त असतो. म्हणजे कॅन्सर अडवणारं प्रोटीन आणि एनर्जी सेन्सरचं बटण दाबणारं प्रोटीन एकच निघालं, आणि दोन वेगळी वाटणारी शास्त्रं तिथे एकत्र आली. तर मुद्दा असा की हीला पेशींमध्ये एलकेबी१ नसतंच. फुफ्फुसाच्या कॅन्सरमधून आलेल्या ए५४९ पेशींमध्ये पण चालणारं एलकेबी१ नाही. मी पाच महिने घंटा वाजवत होते आणि दार उघडणारा माणूसच घरात नव्हता.

मॅडमनी सांगितलं म्हणून मी त्याच हीला पेशींना कॅल्शियम आयनोफोर देऊन बघितला, जो बाहेरचं कॅल्शियम पेशीत घुसवतो. बँड आला! कारण कॅल्शियम वाढलं की कॅमकेके२ नावाचं दुसरंच कायनेज जागं होतं आणि ते पण त्याच १७२ वर फॉस्फेट लावतं, त्याला एलकेबी१ची गरज नाही. तो ब्लॉट मी अजून जपून ठेवलाय. अँटीबॉडी बरोबर होती, बफर बरोबर होतं, माझा हात पण बरोबर होता, प्रश्न चुकीच्या पेशीला विचारला जात होता.

मग हेपजी२ पेशी घेतल्या, लिव्हरच्या ट्यूमरमधून आलेल्या, त्यांच्यात एलकेबी१ आहे. पहिल्याच ब्लॉटवर एआयकारच्या लेनमध्ये दणदणीत बँड. मी आनंदाने डोळे मिटणार तेवढ्यात शेजारच्या लेनकडे लक्ष गेलं, कंट्रोलमध्ये पण तेवढाच काळा बँड.

दुसऱ्यांदा केलं, तेच. तिसऱ्यांदा कंट्रोल ट्रीटमेंटपेक्षा जास्त काळा. एखाद्या दिवशी कंट्रोल छान कोरा यायचा आणि मला वाटायचं सुटलं, पुढच्या आठवड्यात परत काळा. जे रिझल्ट कधी येतात कधी येत नाहीत ते अजिबात न येणाऱ्या रिझल्टपेक्षा जास्त थकवतात, कारण कुठे शोधायचं तेच कळत नाही.

या वेळी मॅडमनी मला जुने पेपर वाचायला दिले आणि ते वाचताना मला पहिल्यांदा वाटलं की मी एकटी नाहीये. एएमपीकेची गोष्ट १९७३ पासून सुरू होते, तेव्हा दोन वेगवेगळ्या गटांना दिसलं की फॅटी अ‍ॅसिड बनवणारं एसीसी आणि कोलेस्टेरॉल बनवणारं एचएमजी-कोए रिडक्टेज, ही दोन एन्झाइम्स फॉस्फेट लागल्यावर बंद पडतात. दोन वेगळी कायनेज असणार असंच सगळ्यांना वाटत होतं. १९८७ मध्ये स्कॉटलंडमधल्या डंडीला ग्रॅहम हार्डींच्या लॅबमध्ये डेव्हिड कार्लिंग यांनी दाखवलं की दोन्ही कामं एकच कायनेज करतं, आणि मग त्याला एएमपीके हे नाव मिळालं. पण मला ज्या गोष्टीने जागं केलं ती त्याच काळातली दुसरी आहे. उंदराचं लिव्हर काढून घ्यायला थोडा वेळ लागला की तेवढ्यात ऑक्सिजन तुटून एएमपी वर जातो आणि एएमपीके चालू होतं, मग तुम्ही जे मोजता ते जिवंत लिव्हरमधलं नसतं, लिव्हर काढताना जे झालं ते असतं. म्हणून लिक्विड नायट्रोजनमध्ये थंड केलेल्या धातूच्या ठोकळ्यांच्या चिमट्यात टिश्यू दाबून एका क्षणात गोठवायचा, याला फ्रीझ-क्लॅम्पिंग म्हणतात.

मी वही काढली आणि स्वतःला विचारलं की माझी प्लेट इन्क्युबेटरमधून बाहेर आल्यापासून पेशी फुटेपर्यंत नक्की काय काय होतं. लिहून काढल्यावर अंगावर काटा आला. मी आठ प्लेट एकदम बाहेर काढायचे, ३७ डिग्रीवरून खोलीच्या तापमानाला. मग एकेकीचं मीडियम (पेशींचं खाद्यद्रव) ओढून टाकायचं, थंड पीबीएस या खारट द्रावणाने दोनदा धुवायचं (पीबीएसमध्ये ग्लुकोज नसतं!), बर्फावर ठेवायचं, आणि सगळ्या धुवून झाल्यावर पहिलीपासून बफर घालून स्क्रेपरने खरवडायला सुरुवात. पहिल्या प्लेटला आठ मिनिटं आणि शेवटच्या प्लेटला पंधरा मिनिटं ग्लुकोजशिवाय. बर्फावर आहे म्हणजे सगळं थांबलंय असं मी धरून चालले होते, पण प्लॅस्टिकची प्लेट बर्फावर हळूहळू थंड होते आणि तोपर्यंत पेशीचे पंप, प्रोटीन बनवणं, सगळं एटीपी खातच असतं.

आणि मी कंट्रोल कधी पहिला घ्यायचे, कधी शेवटचा. ज्या आठवड्यात पहिला त्या आठवड्यात जरा कोरा, ज्या आठवड्यात शेवटचा तेव्हा काळाकुट्ट. चार महिन्यांचं कोडं वहीच्या एका पानावर सुटलं.

सेन्सर त्याचं काम चोख करत होता, त्याला जे जाणवलं ते तो प्रामाणिकपणे सांगत होता. मला ही गोष्ट तेव्हा फार आत जाऊन भिडली.

मग मी मुद्दाम त्याचाच प्रयोग केला. सहा प्लेट, कुठलंही औषध नाही. एकीचं मीडियम ओढलं आणि त्याच क्षणी बफर ओतलं. दुसरीत पीबीएस घालून एक मिनिट, तिसरीत तीन, मग पाच, दहा, पंधरा. ब्लॉट आला तेव्हा पहिली लेन जवळजवळ कोरी आणि पुढे पायरी-पायरीने बँड गडद होत गेलेला. इतका सुंदर ब्लॉट मला पूर्ण पीएचडीत परत मिळाला नाही, आणि त्यात औषध म्हणून फक्त माझा उशीर होता.

त्यानंतर मी काय काय बदललं ते सांगते, कुणाला उपयोग होईल म्हणून. एका वेळी एकच प्लेट बाहेर, दुसरी तिची पाळी येईपर्यंत इन्क्युबेटरमध्येच. पीबीएसचं धुणं पूर्ण बंद, मीडियम शेवटच्या थेंबापर्यंत ओढायचं आणि सरळ उकळतं गरम सॅम्पल बफर ओतायचं, त्यात एसडीएस हे डिटर्जंट असल्यामुळे सगळी एन्झाइम्स जागच्या जागी मरतात, ना कायनेज उरत ना फॉस्फटेज. याचा तोटा आहे, अशा सॅम्पलमध्ये नेहमीच्या पद्धतीने प्रोटीन किती आहे ते मोजता येत नाही, म्हणून पेशी मोजून पेरायच्या आणि लोडिंग कंट्रोल (सगळ्या लेनमध्ये प्रोटीन सारखंच घातलंय ना ते दाखवणारा बँड) काळजीने बघायचा, पण मला हा तोटा चालतो. मीडियम बदलायचं ते आदल्या संध्याकाळी, प्रयोगाच्या तासभर आधी नाही, कारण ताजं मीडियम घालणं हा पण पेशीला एक धक्काच असतो. आणि पेशी दाटीवाटीने वाढलेल्या नकोत. मीडियम पिवळं पडलंय म्हणजे पेशींनी ग्लुकोज खाऊन अ‍ॅसिड सोडलंय, अशा प्लेटचा कंट्रोल हा कंट्रोल नसतोच, ती आधीच उपाशी असते. ऑर्डर पण दर वेळी बदलायची, चिठ्ठ्या टाकून.

अजून एक गोष्ट मी उशिरा शिकले ती म्हणजे फक्त १७२चा बँड बघून भागत नाही. एएमपी बसल्यामुळे कायनेजचा जो स्वतःचा वेग वाढतो तो या बँडमध्ये दिसणारच नाही, कारण त्यात नवा फॉस्फेट लागत नाही. म्हणून एएमपीके पुढे काय करतंय ते बघायला हवं, आणि त्यासाठी एसीसीवरचा सेरिन ७९ बघायचा. एसीसी अवाढव्य प्रोटीन आहे, २६५ किलोडाल्टनच्या आसपास, जेलमधून मेम्ब्रेनवर यायला खूप आळस करतं, त्याला कमी टक्क्याची जेल आणि रात्रभराचा वेट ट्रान्सफर लागतो. पण एकदा जमलं की हा बँड १७२पेक्षा जास्त बोलका आहे. सेरिन ७९ वर फॉस्फेट लागला की एसीसी थंडावतं, ते जे मॅलोनिल-कोए बनवतं ते कमी होतं, एकीकडे नवीन फॅट बनणं थांबतं आणि दुसरीकडे मायटोकॉन्ड्रियाचं दार फॅटी अ‍ॅसिडसाठी उघडतं, कारण ते दार मॅलोनिल-कोएनेच अडवून धरलेलं असतं. एका फॉस्फेटने खर्च बंद आणि जमा चालू. त्याच वेळी एएमपीके एमटॉरला लगाम घालतं म्हणजे वाढ थांबते, युएलके१ ला चालना देतं म्हणजे पेशी स्वतःचे जुने भाग मोडून वापरायला लागते. स्नायूत हेच व्यायामाच्या वेळी होतं. आणि मेंदूच्या हायपोथॅलॅमसमध्ये भूक वाढवणाऱ्या घ्रेलिन हार्मोनने एएमपीके वाढतं, भूक शमवणाऱ्या लेप्टिन हार्मोनने कमी होतं आणि त्यावर भूक हलते, म्हणजे एका पेशीचा हिशोब ठेवणाऱ्या प्रोटीनलाच अख्ख्या शरीराच्या भुकेचं काम मिळालंय.

कान बिघडला तर काय होतं याची उदाहरणं पण आहेत. गॅमा२ मधल्या काही म्युटेशन्समुळे माणसाच्या हृदयाच्या स्नायूत ग्लायकोजेन (ग्लुकोजचा साठा) साठत जातं, हृदय जाड होतं आणि ठोक्यांची लय बिघडते. हॅम्पशायर जातीच्या डुकरांमध्ये गॅमा३ मध्ये एकच अमिनो अ‍ॅसिड बदललेलं सापडलं, २००० साली, आणि त्यांच्या स्नायूत ग्लायकोजेन साधारण ७० टक्क्यांनी जास्त होतं. एवढ्याशा खाचेतला एवढासा बदल! यीस्टमध्ये याच घराण्यातलं एसएनएफ१ आहे, झाडांमध्ये एसएनआरके१, म्हणजे ही युक्ती प्राणी, झाडं आणि बुरशी वेगळ्या वाटांना लागण्याच्याही आधीची आहे.

नव्या पद्धतीने केलेला पहिला पूर्ण ब्लॉट मी रात्री साडेदहाला डेव्हलप केला. कंट्रोलच्या तिन्ही लेन कोऱ्या, एआयकारच्या तिन्ही काळ्या, खाली टोटल एएमपीके सहाही लेनमध्ये सारखं. लॅबमध्ये कुणी नव्हतं. मी फोटो मॅडमना पाठवला, त्यांचं एवढंच उत्तर आलं, "आता ग्लुकोज काढून बघ."

काढलं. ग्लुकोज नसलेलं मीडियम, बाकी सगळं तसंच, आणि वेळेच्या बाबतीत तर मी आता फारच कडक झालेय. पंधरा मिनिटांत १७२चा बँड वर आला. मग त्याच वेळच्या प्लेटमध्ये न्यूक्लिओटाइड (एटीपी, एडीपी, एएमपी) मोजले तर एएमपी-एटीपीचं प्रमाण हललेलंच नव्हतं. आधी मला परत माझ्याच हातावर संशय आला, तीनदा केलं, तिन्ही वेळा तसंच. मग २०१७ मधला एक पेपर सापडला, शेंग-साई लिन यांच्या गटाचा, त्यात दाखवलंय की ग्लायकोलिसिसमधलं, म्हणजे ग्लुकोज मोडायच्या प्रक्रियेतलं, अल्डोलेज हे एन्झाइम स्वतःच सेन्सरचं काम करतं. त्याला त्याचं नेहमीचं, ग्लुकोजपासून बनणारं फ्रुक्टोज १,६-बिसफॉस्फेट मिळालं नाही की लायसोसोमच्या (पेशीतल्या कचरा मोडणाऱ्या पिशवीच्या) पृष्ठभागावर एक जुळणी होते आणि तिथेच एलकेबी१ आणि एएमपीके एकमेकांजवळ आणले जातात, एएमपी वाढायच्या आधीच. म्हणजे चिल्लर वाजायची वाट न बघता, गिऱ्हाईक यायचं थांबलंय हे बघूनच दुकान सावध होतं.

सध्या मी अल्डोलेज कमी केलेल्या हेपजी२ वाढवतेय. त्या हळू वाढतात, बाकीच्यांच्या दोन दिवसांचं काम त्यांना चार दिवस लागतं, पण प्लेट अजून पिवळी पडलेली नाही आणि गुरुवारी त्या तयार होतील.